ग्लेनिस हॉक्रिजचे चांगुलपणाचे दाखले

ग्लेनिस हॉक्रिजच्या दुकानात, गल्ल्यामागच्या फळीवर, इंग्रजी समानार्थी शब्दांचा एक जाडजूड कोश आहे. कॉलेजात निबंधाचं बक्षीस म्हणून मिळालेला. बहुतेक पानं अजून कोरी करकरीत आहेत. ‘प्रेम’ या शब्दाचं पान तर कुणी उघडलेलंच नसावं. एकच पान काळवंडलंय, त्याचे कोपरे झिजलेत आणि मधोमध जर्दाळूच्या जॅमचा डाग आहे. ते ‘हिंसा’ या शब्दाचं पान. नवख्या माणसाला वाटेल, बाई भलतीच खुनशी दिसते. तसं काही नाही. बाई एकाहत्तर वर्षांची आहे, चष्म्याला दोरी बांधते, आणि मेलबर्नपासून दूर असलेल्या बिरंगल गावच्या फुटबॉल आणि नेटबॉल क्लबचं साप्ताहिक पत्रक एकतीस वर्षं लिहिते.

एका मोसमात अठरा सामने. दर सोमवारी कुणीतरी कुणालातरी हरवलेलं असतं, आणि नुसतं ‘हरवलं’ लिहिलं तर क्लबला ते आळणी लागतं. मग चिरडलं, ठेचलं, सोललं, चामडी लोळवली, कंबरडं मोडलं, कत्तल उडवली. एकदा वापरलेला शब्द त्या मोसमात पुन्हा वापरायचा नाही, हा ग्लेनिसचा स्वतःचा दंडक. म्हणून तो कोश. आमच्या संघाचं नाव गालाज. गाला म्हणजे गुलाबी छातीचा, गव्हाच्या सांडलेल्या दाण्यांमागे फिरणारा गरीब पोपट. त्या गुलाबी पोपटांनी ग्लेनिसच्या पत्रकात आजवर जेवढं रक्त सांडलंय, तेवढं चौकातल्या युद्धस्मारकावरच्या नावांनीही सांडलं नसेल.

पत्रकाबाहेरही तेच. जानेवारी म्हणजे इथला उन्हाळा, त्याचं ऊन जीव घेतं. नवे बूट ठार मारतात. एका गार बिअरसाठी गडी खून करायला तयार असतो. पोरगी गणितात पास झाली की तिनं परीक्षेला लोळवलेलं असतं. टायरच्या दुकानाचा मालक आणि क्लबचा अध्यक्ष मर्व ड्रिस्कॉल रोज सकाळी पेपर न्यायला येतो आणि सांगतो, “आज गुडघा माझा खून पाडणार, ग्लेन.” गेली अकरा वर्षं तो रोज खून पडून पुन्हा दुसऱ्या दिवशी पेपर न्यायला येतो आहे.

आणि कुणी कुणाला खरोखरच मारलं तर? तर तसं आमच्या गावात घडत नाही. ‘त्यांच्या घरी जरा गडबड झाली.’ ‘दोघांची वाजली.’ ‘त्याचं डोकं फिरलं होतं.’ ‘तीही काही कमी नाही हं.’ बस. सगळी दणकट क्रियापदं शनिवारी मैदानावर खर्च होतात, घरासाठी एकही उरत नाही. मी फार नाक वर करत नाही. माझ्या माहेरीही ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणतात. भांडं कुणाच्या हातात होतं, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी ग्लेनिसच्या दुकानात पेपरांचे गठ्ठे सोडायला जाते. म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

दुकान तिच्या वडिलांचं. ही शिष्यवृत्ती मिळवून बॅलरॅटला शिक्षिका व्हायला गेली होती. दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा दोन आठवड्यांसाठी म्हणून घरी आली. त्या दोन आठवड्यांना आता बावन्न वर्षं झाली. नवरा स्टॅन दहा वर्षांपूर्वी गेला. शांत माणूस. त्यानं आयुष्यात एकदा आवाज चढवल्याचं मला ठाऊक आहे, तोही मेंढीवर. मूलबाळ नाही. दुकानात वर्तमानपत्रं, वाढदिवसाची कार्डं, बरण्यांतली मऊ पडलेली चॉकलेटं, आणि मेलबर्नच्या बसची तिकिटं. बस मंगळवारी आणि शुक्रवारी सुटते.

गावात चार ओळी धड लिहू शकणारी ही एकटी, असं गावानं ठरवून टाकलंय. अंत्ययात्रेतलं भाषण ग्लेनिस. लग्नात नवऱ्याच्या मित्रानं मारायचे विनोद ग्लेनिस. आणि चांगुलपणाचे दाखले, तेही ग्लेनिस.

महिन्यातून एकदा, तिसऱ्या बुधवारी, आमच्या सभागृहात कोर्ट भरतं. मॅजिस्ट्रेट मोठ्या गावाहून येतात. गावातल्या कुणावर खटला असला, की त्यानं प्रतिष्ठित माणसांची पत्रं आणायची. याला मी इतकी वर्षं ओळखतो, हा गुणाचा पुतळा आहे, एवढ्या वेळी सांभाळून घ्यावं. प्रतिष्ठित माणसांचे हात बिअरचा नळ सोडण्यात आणि टायर काढण्यात वाकबगार, लेखणीशी त्यांचं वैर. तेव्हा त्यांनी दुकानात येऊन तोंडी सांगायचं, ग्लेनिसनं वहीत उतरवायचं, मग घरी इस्त्री करायची. ‘इस्त्री’ हा तिचाच शब्द. चुरगळलेलं बोलणं आत जातं, कडक घडीचं पत्र बाहेर येतं. गुरुवारी संध्याकाळी सराव संपला, की मैदानाबाहेर कुणाच्यातरी पिकअपच्या बॉनेटवर पत्रं मांडायची. एका हातात सॉसेजचा पाव, दुसऱ्या हातात पेन. सही. वाचायचं कुणी नाही.

“ग्लेनिसनं लिहिलंय ना? मग झालं.”

इस्त्रीचे तिचे ठरावीक कपडे होते. ‘स्वभावाला न शोभणारा एकमेव प्रसंग.’ तोच दाखला एका गृहस्थाला तीनदा मिळाला, म्हणजे त्यांच्या आयुष्यात तीन एकमेव प्रसंग घडले. ‘कौटुंबिक तणावाच्या काळात.’ ‘परिस्थिती हाताबाहेर गेली.’ इथे हात परिस्थितीचा, गेली तीही परिस्थितीच, माणूस कुठे नाहीच. मॅजिस्ट्रेट पत्रं चाळायचे, मान हलवायचे, समज द्यायचे. गृहस्थ घरी परतायचे.

आणि मग एखाद्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी एखादी बाई गल्ल्यावर यायची. एक मोठं, दोन लहान. परतीचं नको.

एकतीस वर्षांत अशा चारजणी. दाखला त्याच गल्ल्यावरून गेला आणि तिकीटही त्याच गल्ल्यावरून. चौथीची बस गेली त्या सकाळी मी ग्लेनिसला म्हटलं होतं, “तुला काही वाटत नाही?”

“मी फक्त टाइप करते,” ती म्हणाली. आणि मग बागकामाची मासिकं तासभर लावत बसली. एकूण सहा मासिकं होती.

या जुलैत आमचे पोपट शेजारच्या नलवरा गावाकडून एक्केचाळीस गुणांनी हरले. शनिवारी दुपारी हरले, शनिवारी संध्याकाळी जोलीन टर्व्हेचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. जोलीनचा नवरा क्लिंट टर्व्हे संघाचा प्रशिक्षक, धान्याच्या कोठारावर मुकादम, सहा फूट दोन इंच. जोलीन नेटबॉल खेळते आणि क्लबचं कँटीन बघते. दोन मुली, नऊ आणि सहा वर्षांच्या. शेजारच्यांनी पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी क्लिंटला तात्पुरता मनाई हुकूम दिला, कोर्टाचा निकाल होईपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही. तो मर्वच्या शेडमधल्या कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला.

गावानं माणुसकी दाखवली. तीन दिवसांत सहा घरांतून शिजवलेल्या जेवणाची भांडी पोचली. कॅरव्हॅनमध्ये. बिचाऱ्याला स्वतःचं स्वतः करायची सवय नाही ना. जोलीनकडेही जावं असं सगळ्यांच्याच मनात होतं, पण नवराबायकोच्या मधे आपण पडू नये, कुणा एकाची बाजू घेऊ नये, एवढी समज आमच्या गावाला आहे.

मंगळवारी मर्व आला. त्या दिवशी गुडघ्यानं त्याचा खून केला नव्हता, त्याचं लक्षच नव्हतं.

“ग्लेन, क्लिंटचं ऐकलंस ना? जरा गडबड झाली.”

“ऐकलं.”

“पुढच्या बुधवारी कोर्ट आहे. तो कबूल करणार आहे, पठ्ठ्या खोटं बोलणाऱ्यातला नाही. पण त्याला घरी जाऊ द्यायला हवं गं. कॅरव्हॅनमध्ये हीटर नाही. वकील म्हणतो, तीन-चार वजनदार पत्रं असली तर मॅजिस्ट्रेट ऐकतील, तंबी देऊन हुकूम सैल करतील. मी, हॉटेलवाला डुगल, आणि शाळेचे हेडमास्तर लिंडसे. बस का?”

“बस.”

“फायनल्स तोंडावर आल्यात. प्रशिक्षकाचं डोकं ठिकाणावर हवं.”

“मनगट कसं आहे?”

“त्याच्या मनगटाला काय झालंय?” मर्वनं विचारलं. मग त्याच्या ध्यानात आलं. “अच्छा, तिचं. बरं असेल. तरुण आहे ती.”

तो गेल्यावर अर्ध्या तासानं जोलीन आली. डावा हात प्लास्टरमध्ये, धाकटी उजव्या हाताला धरलेली. मुलीनं चॉकलेटच्या बरण्यांकडे पाहिलंही नाही. सहा वर्षांचं मूल चॉकलेटकडे बघत नाही, हे मला मनगटापेक्षाही वाईट दिसलं.

“ग्लेनिस, बसचं वेळापत्रक दे ना एक. मेलबर्नचं.”

ग्लेनिसनं खुंटीवरून काढून दिलं. “कधी जायचंय?”

“जायचं नाहीये. घर भाड्याचं असलं तरी माझं आहे, पोरींची शाळा इथे आहे, माझा संघ इथे आहे. पण तो बुधवारी घरी आला, तर शुक्रवारची बस आहे ना?”

“आहे. सकाळी सात दहाची.”

जोलीननं वेळापत्रकाची घडी एका हातानं करायचा प्रयत्न केला. जमली नाही, तशीच पिशवीत कोंबली. दाराशी जाऊन वळली.

“तूच लिहिणार असशील ना?”

“मीच लिहिते नेहमी.”

“हो. छान लिहितेस,” जोलीन म्हणाली. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं खरंच मनापासून म्हटलं. “माझ्या आईच्या अंत्ययात्रेला तू लिहिलेलं अजून जपून ठेवलंय मी.”

त्या दिवशी ग्लेनिसनं मासिकं लावली नाहीत. कोश काढला, ते काळं पान उघडलं, आणि चष्मा नाकावर ढकलून वरून खालपर्यंत वाचत गेली. चौसष्ट शब्द होते. बहुतेकांवर तिनं पेन्सिलनं खूण केली होती, वापरला की खूण.

“हे बघ,” ती मला म्हणाली, “यातला एकही मी दाखल्यात वापरलेला नाही. एकतीस वर्षांत एकही नाही.”

“मग आता वापरणार?”

“छे. माझे शब्द आता पुरे. या वेळी त्यांचे.”

गुरुवारी सकाळी एकेकजण आला. ग्लेनिसनं वही उघडली, नेहमीसारखी. एवढंच विचारलं, नेहमीसारखं: “तुला क्लिंटबद्दल काय ठाऊक आहे ते सांग.” आमच्या गावातल्या माणसांना विचारलं की ती सांगतात. लपवाछपवी त्यांच्या अंगात नाही. कधी लागलीच नाही ना.

डुगल आधी आला, हॉटेलात लवकर जायचं होतं म्हणून. “अठरा वर्षं माझ्या बारमध्ये पितोय. आजवर कुणावर हात टाकला नाही हं! पोरं चिडवतात, डिवचतात, गडी हूं की चूं करत नाही. राग फारच आला ना, तर ग्लास खाली ठेवतो आणि सरळ उठून घरी जातो. असा संयम. लिही हे.”

ग्लेनिसनं लिहिलं.

मग हेडमास्तर लिंडसे आले, तेवढे एकटे सुटात. “आदर्श पालक. मुली म्हणजे शिस्तीच्या. इतक्या शांत मुली शाळेत दुसऱ्या नाहीत. आपला संघ हरला की सोमवारी तर आणखीच शांत, बाकावरून उठतसुद्धा नाहीत. धाकटीला खेळाचं किती वेड! दर शुक्रवारी मला विचारते, सर, उद्या आपण नक्की जिंकणार ना? रडवेली होते हो अगदी. बापाचा खेळ रक्तात उतरलाय.”

ग्लेनिसचं पेन क्षणभर थांबलं. मग तेही लिहून झालं.

शेवटी मर्व. तो स्टूल ओढून ऐसपैस बसला. “क्लिंट म्हणजे सोनं. बावीस वर्षं ओळखतो. क्लबसाठी जीव देईल. आता हरल्यावर त्याच्या वाटेला जाऊ नये, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. जोलीन काय नवी आहे? गेल्या वर्षी सेमीफायनल हरलो, तेव्हा मीच तिला बाजूला घेऊन म्हटलं, बाई गं, आजची रात्र पोरींना घेऊन आईकडे जा. गेली. शहाणी आहे तशी. आता आई राहिली नाही तिची. आणि या वेळी सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. ती चूक माझी म्हण हवं तर.”

“तसं लिहू?”

“लिही की. मी चूक कबूल करणाऱ्यातला आहे.”

वकिलाचा निरोप होता की पत्र देणाऱ्याला आरोप काय आहे ते माहीत असल्याचं पत्रात आलं पाहिजे, नाहीतर त्याला किंमत नाही. आजवर ग्लेनिस लिहायची, ‘आरोपाच्या स्वरूपाची मला कल्पना आहे.’ या वेळी तिनं वकिलानं पाठवलेल्या पोलिसांच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलं: ‘क्लिंट टर्व्हे यानं आपली पत्नी जोलीन हिचं डावं मनगट दारात धरून दोन ठिकाणी मोडलं, हे मला माहीत आहे.’ आणि त्याखाली प्रत्येकाचं बोलणं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नाही.

संध्याकाळी मैदानावर बोचरं वारं होतं. बॉनेटवर तीन कागद, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर सॉसची बाटली. मीही गेले होते, कांदे परतायला माणूस कमी होतं.

“वाचून घ्या,” ग्लेनिस म्हणाली.

“तुझं काय वाचायचं, ग्लेन!” मर्वनं पाव तोंडात धरला आणि खिसे चाचपले. “पेन आहे का कुणाकडे?”

“या वेळी मी इस्त्री केलेली नाही. तुम्ही बोललात तेच आहे. वाचा.”

“मग तर उत्तमच. मनापासून बोललोय मी.” सही.

“लिंडसे, तुम्ही तरी वाचा. तुम्ही मास्तर आहात.”

“दिवसभर पोरांचं वाचून डोळे मेले हो माझे.” सही.

डुगल तर सॉसेजकडे बघत होता. त्याची सही हेडमास्तरांच्या पत्रावर पडता पडता वाचली.

तीनदा सांगितलं तिनं. मी साक्षीला आहे, कांदेही साक्षीला आहेत.

बुधवारी सभागृह भरलं होतं. गाव क्लिंटच्या मागे उभं आहे हे दिसावं म्हणून अर्धा संघ क्लबचे गुलाबी मफलर घालून आला होता. जोलीन मागच्या रांगेत एकटी बसली होती. तिच्या पिशवीतून वेळापत्रकाचं टोक बाहेर आलेलं होतं. ग्लेनिस दुकान बंद करून आली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी जाऊन बसली. मी दुसऱ्या बाजूला बसले.

मॅजिस्ट्रेट या वेळी नव्या होत्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या. वकिलाच्या हातात त्या सकाळच्या एकोणीस फायली होत्या. त्यानं पाकीट उघडलं, खालच्या सह्या आणि वरची नावं बघितली. “ग्लेनिसनंच लिहिलीत ना? छान,” म्हणाला आणि पत्रं पुढे केली.

“ही ग्रामस्थांची मतं, मॅडम. आरोपीबद्दल सगळ्यांना आदर आहे.”

बाईंनी वाचायला सुरुवात केली. आमच्या गावानं आजवर मॅजिस्ट्रेटना चाळताना पाहिलं होतं, वाचताना नाही. पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचून पुन्हा पहिलं घेतलं.

“आपण ही पत्रं वाचलीत?” त्यांनी वकिलाला विचारलं.

“नजर टाकलीय, मॅडम.”

“मग आता कानही द्या.” आणि त्यांनी डुगलचं पत्र सावकाश, मोठ्यानं वाचलं. ‘राग फारच आला, तर ग्लास खाली ठेवतो आणि सरळ उठून घरी जातो.’ मग हेडमास्तरांचं. धाकटीच्या शुक्रवारच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, पाण्याचा घोट घेतला. मग पुढे गेल्या. मर्वचं पत्र वाचून झालं, तेव्हा सभागृहात छपराच्या पत्र्यावर चालणाऱ्या पोपटांची नखं ऐकू येत होती. खऱ्या पोपटांची.

“मर्विन ड्रिस्कॉल इथे आहेत?”

मर्व उठला. मफलर काढून हातात घेतला.

“ही सही आपलीच?”

“हो, मॅडम. पण... म्हणजे मी वाचलं नव्हतं.”

“आत्ता ऐकलंत. यातलं चूक काय आहे ते सांगा, मी खोडते.” त्यांनी खरंच पेन उघडलं.

मर्वनं विचार केला. मर्व बडबड्या आहे, गोष्टी बनवून सांगणारा नाही. त्यानं छताकडे पाहिलं, क्लिंटकडे पाहिलं, आणि मग, मला वाटतं बावीस वर्षांत पहिल्यांदाच, जोलीनच्या प्लास्टरकडे पाहिलं.

“चूक...” तो म्हणाला, “चूक असं काही नाही, मॅडम.”

“बसा.”

क्लिंटवर गुन्हा शाबीत झाल्याची नोंद झाली. आणि मनाई हुकूम पाच वर्षांचा झाला. त्या घरात, त्या रस्त्यावर, मुलींच्या शाळेच्या फाटकापाशी पाऊल ठेवायचं नाही. जोलीननं ग्लेनिसचा हात धरला नाही, काही नाही. फक्त पिशवीतलं ते टोक आत ढकललं आणि चेन ओढली.

त्यानंतर जे झालं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. गावाला अचानक शब्द सापडले. ग्लेनिसनं पाठीत सुरा खुपसला. ग्लेनिसनं क्लबचा गळा चिरला. हेडमास्तरांना तिनं जिवंत सोललं. डुगलनं तर तिनं आपल्याला भर चौकात फासावर दिलं असं हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, बिअर ओतता ओतता. कमिटीची तातडीची सभा झाली आणि पत्रकाचं काम तिच्याकडून काढून घेण्यात आलं. ते सांगायला मर्व स्वतः आला.

“हे जे तू केलंस ना, ग्लेन, ही सरळसरळ हिंसा आहे.”

बघा. बिरंगलमध्ये माणसाच्या वागण्याला हा शब्द लावलेला मी प्रथम ऐकला, आणि तो लागला टाइप केलेल्या तीन कागदांना.

ग्लेनिस म्हणाली, “मी तीनदा सांगितलं होतं, वाचा.”

“तू वाचा म्हणतेस म्हणून कुणी वाचतं का? एकतीस वर्षांत कधी वाचलंय?”

“नाही,” ती म्हणाली. “तीच तर माझी चूक. चारदा.”

मर्वला तो आकडा कशाचा ते कळलं नसावं. तो तणतणत गेला, पेपर न घेता. दुसऱ्या दिवशी आला, गुडघ्याची तक्रार न करता. तिसऱ्या दिवशी गुडघाही आला.

क्लिंट आता नलवराला भावाकडे राहतो. पुढच्या मोसमात तिथला संघ त्याला प्रशिक्षक नेमणार आहे म्हणे. त्यांना वजनदार पत्रं लागतील, पण ती त्यांची ग्लेनिस बघून घेईल. प्रत्येक गावात एक असतेच.

गेल्या सोमवारी मी सहज दुकानात डोकावले, तर मर्व गल्ल्याशी घुटमळत होता. शनिवारी आमचे पोपट पुन्हा हरले होते, आणि पत्रक आता त्याच्या गळ्यात होतं. हातातल्या कागदावर चार तासांत साडेतीन ओळी झाल्या होत्या.

“ग्लेन, ते तुझं पुस्तक दे ना जरा. ‘हरलो’ला दुसरा एखादा शब्द हवाय. जोरकस.”

ग्लेनिसनं कोश काढला, धूळ नव्हती तरी पुसला, आणि त्याच्यापुढे ठेवला. “काळं पान. एकशे बारा.”

तो बोटानं शब्द शोधत असताना दाराची घंटी वाजली. जोलीन आली, मागे दोघी मुली. प्लास्टर निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढरंफटक दिसत होतं. मर्वनं बोट शब्दावर तसंच ठेवलं आणि मान खाली घातली.

“शनिवारी आपण हरलो,” धाकटी ग्लेनिसला म्हणाली. बातमी सांगावी तसं.

“ऐकलं मी. कितीनं?”

“माहीत नाही,” मुलगी म्हणाली आणि चॉकलेटच्या बरणीपाशी गेली. नाक काचेला लावून बराच वेळ निवडत राहिली. लालवालं की हिरवंवालं.

जोलीननं पिशवीतून बसचं वेळापत्रक काढलं. एका बाजूनं चुरगळलेलं होतं, तिनं ते गल्ल्यावर हातानं सपाट केलं. “हे परत घे, ग्लेनिस. मला नको.”

मी ते उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकणार होते.

“असू दे,” ग्लेनिस म्हणाली, “खुंटीला लाव. मोसम संपायला अजून तीन सामने आहेत.”

मी खुंटीला लावलं. मर्वनं कोश मिटला, तिच्याकडे सरकवला, आणि कागदावरची ओळ खोडून पेन्सिलनं लिहिलं: शनिवारी आपण हरलो.